सहा महिन्यांचा टॅग

३ मार्च २०२२

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी वर्कशॉपमध्ये मिळालं. पावडर भरायच्या यंत्राशेजारी उभ्याउभ्याच वाचलं, मग हात धुऊन पुन्हा वाचलं. ‘विषाणू आढळला नाही.’ या तीन शब्दांसाठी तू बारा आठवडे गोळ्या घेतल्यास, एकही दिवस न चुकवता. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग तोंड का पाडलंयस?” तोंड पाडलेलं नव्हतं. माझा चेहराच तसा आहे, हे तुला ठाऊक आहे.

पण ताई, दुसरा कागद विसरू नकोस. तू तपासण्यांसाठी माझ्याकडे येऊन राहिली होतीस, तेव्हा डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले होते. चिमणीच्या जन्माच्या वेळी चढवलेल्या रक्तातून हेपॅटायटिस सी आला असावा आणि इतकी वर्षं तो आत गुपचूप राहिला. तेवढ्या काळात यकृत खडबडीत झालं, त्यावर व्रण पडले. (यकृत हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला आहे.) विषाणू गेला तरी व्रण राहतात, आणि त्यांतून कर्करोगाची गाठ उगवू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, जन्मभर. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. दुखायला लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो.

माझ्या कामातलं सांगतो, म्हणजे पटेल. आग विझवायच्या सिलिंडरवर छोटा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात असला की लोक निर्धास्त. पण काटा फक्त दाब दाखवतो. आतली पावडर दगडासारखी बसलेली असली, तरी काटा हिरव्यातच. आगीच्या वेळी खटका दाबला की नळीतून नुसती फुस्स हवा. म्हणून आम्ही दर सहा महिन्यांनी सिलिंडर उलटा करतो, बुडाला रबरी हातोडीने ठोकतो, कान लावून पावडर सरकल्याचा आवाज ऐकतो आणि मगच टॅगवर तारीख घालून सही करतो.

तुझा काटा हिरव्यात आला. आत काय आहे, ते बघत राहायला हवं. सोबत आमच्या कामातला एक कोरा टॅग पाठवतो. चार चौकोन आखले आहेत, दोन वर्षांचे. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकव.

तुझा,
धाकटा

सोबत : टॅग एक, लाल दोऱ्यासह.


११ मार्च २०२२

प्रिय तपासनीस,
अनेक आशीर्वाद.

जगात दुसऱ्या कुठल्या भावाने बहिणीला आगीच्या सिलिंडरचा टॅग पाठवला असेल असं मला वाटत नाही. ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर मी पाकीट फोडलं, तर आमचे इस्त्रीवाले काका म्हणाले, “काय गं, भावाने तुला धुवायला टाकलंय की काय? वाढीव डाग असतील तर आधीच सांग म्हणावं.” दिवसभर मी लोकांच्या कोटांना नंबर टाचते आणि तू मला टाचतोस. घराणंच टॅगवाल्यांचं!

आता खरी बातमी ऐक. परवा सकाळी सासूबाईंनी कात्री घेतली, माझ्या कपाच्या कानाला बांधलेला लाल दोरा कापला आणि तो कप सगळ्यांच्या कपांत ठेवून दिला. मी ओट्याशी तशीच उभी. तेवढ्यात चिमणी शाळेची घाई करत आली, माझ्या हातातला कप ओढला आणि माझा उष्टा चहा घटाघटा पिऊन पळाली. एक वर्ष आणि दोन महिन्यांनी. तुझी बहीण आहे, मीही मोजते.

मला विषाणू गेल्याचं त्या दिवशी कळलं. रिपोर्ट वाचून नव्हतं कळलं.

टॅग स्वयंपाकघरात नाही लावला. कपाटात, माझ्या कपड्यांखाली आहे. आणि यातलं काही फोनवर बोलू नकोस. आमच्याकडे फोन बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर होतो, आणि तुझा आवाज असा की शेजारणीला वेगळं सांगावं लागत नाही. पत्र दुकानाच्या पत्त्यावरच टाक.

तुझी,
ताई


१९ मार्च २०२२

प्रिय ताई,
सा. न.

कपाचं वाचून फार राग आला. हा आजार कपाने, ताटाने, शेजारी बसल्याने होत नाही. रक्तातून होतो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. शिकलेल्या घरात असला अडाणीपणा? मी आठवीपर्यंत शिकलो, पण एवढं मलाही कळतं. म्हणशील तर येऊन सासूबाईंना समजावून सांगतो. भाऊजी गप्प कसे राहिले?

तारीख लक्षात ठेव : सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. उपाशी पोटी जायचं असतं.

तुझा,
धाकटा

सोबत : दवाखान्याच्या वेळा, एका कागदावर.


१४ सप्टेंबर २०२२

प्रिय तपासनीस,
आशीर्वाद.

केली बाबा सोनोग्राफी. दुकानातून दोन तास सुटी घेतली आणि घरी सांगितलं, माल जास्त आहे. पोटावर ते गार चिकट ओततात ना, अगदी अंगावर काटा येतो. ती डॉक्टरीण म्हणते, “श्वास घ्या, धरा, सोडा.” मी धरलाच. ती पडद्याकडे बघत राहिली, मला सोडायला सांगायचं विसरली. शेवटी मी म्हटलं, “बाई, आता सोडते, नाहीतर तुम्हाला दुसराच फॉर्म भरावा लागेल.” दोघी खूप हसलो. यकृत खडबडीत आहे, पण गाठबीठ काही नाही. रक्तही ठीक. बाहेर येऊन दोन केळी खाल्ली, जिन्यातच उभी राहून, इतकी भूक लागली होती.

टॅगवर तारीख घातली, सही केली.

सासूबाईंवर मात्र रागावू नकोस. त्यांना यातलं काय ठाऊक? त्यांनी आधी कुणाचं तरी पाहिलं, मग केलं.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी २०२३

प्रिय ताई,
सा. न.

आता दुसरा चौकोन. आठवण करून देण्यासाठी हे पत्र. पण आणखी एक सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मला एका कापडाच्या गोदामात चाळीस सिलिंडर तपासायला एकट्याला पाठवलं. माझ्या पाठीत उसण भरली होती. पहिले तीन उलटे केले आणि चौथा उचलवेना. सगळ्यांचे काटे हिरव्यात होते. मी खुर्चीत बसलो आणि उरलेले सदतीस टॅग बसल्या जागी भरले. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, “व्वा, आज लवकर उरकलं!” ताई, मी कधीच असं केलं नव्हतं. तेव्हापासून रस्त्यात अग्निशमनाच्या गाडीचा भोंगा ऐकला की ती कुठल्या दिशेला जाते ते बघत उभा राहतो. सही माझी आहे. सुवाच्य आहे.

पाठ बरी झाली की परत जाऊन सगळे उलटे करणार आहे. तू कुणाला बोलू नकोस.

तुझा,
धाकटा

सोबत : काही नाही. पण सोनोग्राफीची तारीख कळव.


२४ मार्च २०२३

प्रिय तपासनीस,
आशीर्वाद.

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. काही झालं का? नाही ना? मग झालं तर. माणूस आहेस, पाठ दुखणारच. जाशील तेव्हा कुणाला तरी बरोबर ने.

माझी सोनोग्राफी झाली. सगळं ठीक आहे.

चिमणी वर्गात दुसरी आली. तुझ्या भाऊजींनी तिला सायकल आणली आहे, आणि ती चालवायला शिकवताना स्वतःच पडले. गुडघ्याला पट्टी बांधून ऑफिसात जातात आणि विचारलं तर म्हणतात, जिन्यात पाय घसरला.

तुझी,
ताई


९ ऑक्टोबर २०२३

प्रिय तपासनीस,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली. उत्तराला उशीर झाला, दुकानात नवीन यंत्र आलंय आणि ते माणसांपेक्षा जास्त रुसतं. नणंद आठ दिवस राहायला आली होती. शनिवारी आम्ही दोघींनी मिळून भरपेट नाश्ता केला, मग ती तिच्या घरी गेली आणि मी तशीच सोनोग्राफीला जाऊन आले. सगळं ठीक. तिसरा चौकोन भरला. आता झोप शांत.

तुझी,
ताई


१६ ऑक्टोबर २०२३

प्रिय ताई,
सा. न.

पत्र वाचून बरं वाटलं. एक शंका. भरपेट नाश्ता करून सोनोग्राफी कशी केली? उपाशी पोटी करतात ना? मागच्या वर्षी तू जिन्यात उभी राहून केळी खाल्ली होतीस.

असो. हल्ली पद्धत बदलली असेल. मी उगाच कीस काढत बसतो, मालकही तेच म्हणतात. तू ठीक म्हणतेस म्हणजे ठीक.

गोदामात अजून जाणं झालं नाही.

तुझा,
धाकटा

सोबत : चिमणीसाठी सायकलची घंटी.


१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय तपासनीस,
आशीर्वाद.

घंटीने गल्लीला वेड लागायची वेळ आली आहे.

मी जरा बारीक झाले आहे. इस्त्रीवाले काका म्हणतात, “पोरी, गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर तुलाही आटवलं की काय यंत्राने?” सगळे कपडे दोन्ही बाजूंनी आत घेतले. जेवण नको वाटतं, उजव्या कुशीत जड वाटतं. दिवसभर उभं राहून होत असेल. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तुला तसं लिहिणं म्हणजे माशाला पोहू नकोस सांगणं.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी २०२४

ताई,

उद्याच्या उद्या जा. मार्चची वाट बघू नकोस. उजव्या कुशीतच यकृत असतं. भाऊजींना बरोबर ने, सासूबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. आणि मागच्या तिन्ही सोनोग्राफींचे कागद घेऊन जा, डॉक्टर आधीच्याशी ताडून बघतात.

उत्तर लगेच पाठव.

धाकटा

सोबत : माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट.


२१ मे २०२४

माझ्या तपासनिसा,

तू पाठवलेलं पाकीट तीन महिने माझ्या पर्समध्ये होतं. तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, फोनवर सगळ्यांसमोर ‘पत्र टाकते’ एवढंच म्हणत राहिले. आज त्यातूनच पाठवते आहे.

मागच्या तिन्ही सोनोग्राफींचे कागद आण म्हणालास. तीन नाहीत रे. एकच आहे. केळ्यांची.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी निघाले होते, उपाशी पोटी. सोनोग्राफी केंद्राच्या दारातच नणंद समोर आली. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कप वरच्या फळीवर होता, एकटा. सासूबाई म्हणाल्या, “परत सुरू झालं असेल तर सांग बाई, लेकरू आहे घरात.” मी सांगून पाहिलं की विषाणू गेलाय, ही नुसती तपासणी आहे. त्या म्हणाल्या, “गेलाय तर मग तपासतात कशाला?” मला उत्तर होतं. काटा, पावडर, सगळं तू शिकवलेलं. पण चिमणी तिथेच उभी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, कपाकडे बघत होती. मी म्हटलं, मी तिथे एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेले होते. चिमणीची शपथ घेतली. पंधरा दिवसांनी कप खाली आला.

कप वर असतानाच तुझं सदतीस टॅगांचं पत्र आलं. तुला दुखवायला हे लिहीत नाही. पण मी कपाट उघडलं, टॅग काढला आणि दुसऱ्या चौकोनात तारीख घातली. एवढं सोपं होतं. तिसऱ्यालाही तेच केलं. नाश्त्याचं तू बरोबर पकडलंस. मला वाटलं, आता हा बोंब मारत येणार. मी वाट बघत होते की काय, कुणास ठाऊक. मग तूच लिहिलंस, पद्धत बदलली असेल.

एप्रिलमध्ये पोट फुगलं आणि डोळे पिवळे झाले, तेव्हा तुझ्या भाऊजींनी उचलूनच नेलं. सहा सेंटीमीटरची गाठ आहे, आणि ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आहे. कापून काढता येणार नाही. गोळ्या देतील, त्याने काही महिने मिळतील. डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी विचारलं, मधल्या तपासण्या? भाऊजींनी मोठ्या विश्वासाने कपाटातला टॅग खिशातून काढून त्यांना दाखवला. त्यांना तो सापडला होता, आणि बिचाऱ्यांना वाटलं होतं की मी नियमित जात होते. डॉक्टरांनी टॅग उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हे काय आहे?” मला इतकं हसू आलं. मग भाऊजी रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आता एक शेवटचं, कारण तू सासूबाईंना अडाणी म्हणाला होतास आणि ते माझ्या मनात राहिलं आहे. कपाला दोरा त्यांनी नाही बांधला. मी तपासण्यांसाठी तुझ्याकडे होते, तेव्हा आजार कळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला चहा दिलास. त्या कपाच्या कानाला लाल दोऱ्याने तुमचा टॅग बांधला होता, ‘ताई’ आणि तारीख. फार सुबक गाठ होती. मला तो कप आवडला, म्हणून तसाच बॅगेत घालून आणला. सासूबाईंनी टॅग वाचला, म्हणाल्या, “हा सख्ख्या भावाने बांधलाय?” मी हो म्हटलं. मग त्यांनी टॅग फाडला, दोरा ठेवला आणि माझं ताटही वेगळं केलं.

माझा तुझ्यावर राग नाही. तू घाबरला होतास. लहानपणी आईला ताप आला की तू दाराच्या कडीला हात लावायचा नाहीस, फडक्याने उघडायचास. मला ठाऊक आहे तू कसा आहेस. मी तुझ्यावरच विसंबून होते आणि तुझ्यापासूनच लपवत होते, असं काहीतरी झालं.

इथले डॉक्टर म्हणतात, पुढचे उपचार तुझ्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात घ्या. चिमणीची शाळा, भाऊजींची नोकरी, म्हणजे मी एकटीच येणार. तुझ्या खोलीत जागा आहे का?

तुझी,
ताई


२६ मे २०२४

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

जागा आहे. पलंग खिडकीशी सरकवला आहे. मी खाली झोपेन, मला पाठीसाठी जमीनच चांगली. मालकांना सांगितलं, ते म्हणाले, दवाखान्याच्या दिवशी येऊ नकोस, हजेरी मी बघतो.

दोरा मीच बांधला होता. तुझं पत्र वाचेपर्यंत मला आठवतही नव्हतं, आणि वाचल्यावर सगळं आठवलं. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना मीच विचारलं होतं, कप वेगळा ठेवायचा का? ते म्हणाले, अजिबात गरज नाही. मी मान डोलावली. सकाळी उठून दोरा कापला, टॅगवर तुझं नाव लिहिलं आणि तारीख घातली. माझं अक्षर नीट यावं म्हणून दोन टॅग वाया घालवले. तू कप हातात घेतलास आणि हसलीस. मला वाटलं, तुला गंमत वाटली.

आणि नाश्त्याचं मला कळलं होतं, ताई. पद्धत बदलत नाही हे मला माहीत होतं. मला ‘ठीक’ हा शब्द हवा होता, तो तू दिलास आणि मी घेतला. काटा हिरव्यात बघून मी खुर्चीत बसलो, दुसऱ्यांदा.

परवा मी त्या गोदामात गेलो. मॅनेजरला खरं सांगितलं. तो आधी ओरडला, मग एक माणूस मदतीला दिला. चाळीसच्या चाळीस उलटे करून ठोकले. सहांची पावडर बसलेली निघाली. काटे हिरव्यातच होते. ते सहा बदलले. ठोकताना प्रत्येकाला कान लावून ऐकत होतो, तेव्हा तो माणूस म्हणाला, “एवढं काय ऐकता?” मी पुढचा सिलिंडर उलटा केला.

हे तुला सांगून काही परत येणार नाही, ते मला कळतं. मार्च, सप्टेंबर. डॉक्टर म्हणाले नसतील, पण मी हिशोब केला आहे, त्यातल्या एखाद्या वेळी ती गाठ नखाएवढी असणार. मी हे पुन्हा लिहिणार नाही. तू आल्यावर बोलणारही नाही. तुला सतत तपासत बसणारही नाही, कितीही वाटलं तरी. फक्त एक, चिमणीला घेऊन ये. सुटी संपेपर्यंत राहू दे इथे. तिचं अंथरूण पलंगाशेजारीच घालू.

घरातले कप आज घासले. सहा आहेत, सगळे एकाच संचातले. नीट पाहिले तरी कुठला कुठला ते ओळखू येत नाही. तू आलीस की जो हाताला लागेल त्यात चहा करीन, तू अर्धा प्यायलीस की उरलेला मला दे.

तू एकटी निघू नकोस. तिकीट काढू नकोस. गुरुवारी सकाळी तुझ्या दाराशी येतो. सासूबाईंनाही भेटेन. त्यांना मी अडाणी म्हणालो होतो, ते त्यांच्या कानावर नसेल, तरी मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुझा,
धाकटा

सोबत : काही नाही. मीच येतो.